वेसीच्या पेटीतला उजेड

…आणि वर मलाच विचारतात, "बटण दाबून पाहिलंस का?" बटण! तुम्हाला सांगतो, हा प्रश्न मला गेल्या आठवड्यात अकरा जणांनी विचारला. त्यातले दहा मी जन्मात न पाहिलेले, सातासमुद्रापलीकडचे, आणि अकरावा माझा सख्खा मामेभाऊ. अहो, बटण कुठे आहे ते मला माहीत आहे! मॉनिटरच्या खालच्या कडेला, उजव्या बाजूला, ओळीनं चार. तिथवर पोचायचं कसं ते बोला ना! मला काही कॉम्प्युटर चंद्रावर पाठवायचा नव्हता. प्रकाश कमी करायचा होता हो, फक्त प्रकाश!

तुम्ही म्हणाल, सेटिंगमध्ये जा. गेलो! भिंतीचं चित्र बदला, बाणाचा आकार बदला, कचऱ्याच्या डब्याचा आवाज बदला… सगळं बदला, पण प्रकाशाची पट्टी? नाही. का नाही? तर ती लॅपटॉपलाच दिसते म्हणे. मेजावरचा कॉम्प्युटर असला की सॉफ्टवेअर हात वर करतं, पडदा वेगळा, त्याचं घर वेगळं, दुसऱ्याच्या घरात आम्ही ढवळाढवळ करत नाही! म्हणजे तिथेही मानपान आहेच. मला वाटलं होतं मानपान फक्त आमच्या बेटावर उरलाय.

आणि हा कॉम्प्युटर बेटावर आणला कुणी? मीच की! फिजीच्या राजधानीत, सुवाला, शिकायला गेलो आणि तिथे मला मुक्त सॉफ्टवेअरचं वेड लागलं. लोकांना दारूचं लागतं, रग्बीचं लागतं, मला हे लागलं. मागच्या नाताळात विद्यापीठानं काढून टाकलेला एक कॉम्प्युटर होडीत घालून आईच्या गावी आणला, सभागृहात ठेवला आणि भाषण ठोकलं, "मंडळी, हे सॉफ्टवेअर आपलं आहे! कुणाची परवानगी नको! उघडा, आत बघा, पटलं नाही तर बदला!" टाळ्या पडल्या. आता यांगोनाची, म्हणजे मुळं कुटून केलेल्या आमच्या गुंगीच्या पेयाची, करवंटी फिरत असताना आमच्याकडे टाळ्या पडतातच, प्रत्येक घोटाला पडतात, पण मी आपल्या त्या माझ्या धरल्या.

सगळ्यांत जोरात टाळ्या मितिएली मामाच्या. मामा म्हणजे बेटावरचा पहिल्या नंबरचा सुतार. भाच्यानं एवढी वस्तू आणली, ती काय अशीच उघडी ठेवायची? खारा वारा, उंदीर, मुंग्या! मामानं महिनाभर खपून तिला वेसीच्या लाकडाची पेटी केली. वेसी माहीत आहे ना? त्यावर कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडीला वाईट वाटतं, असलं लाकूड. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही, सगळा खाचेत खाच घालून बसवलेला मामला, आणि समुद्राच्या हवेनं सांधे असे फुगलेत की सुरीचं पातं शिरत नाही. पुढे फक्त पडद्यापुरती चौकट. मागे तारांसाठी मूठ जाईल एवढं भोक. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, बायकांनी हार घातला. आणि ती चार बटणं? ती आत! दोन बोटं जाडीच्या वेसीच्या मागे, कायमची.

त्या वेळी कुणाला काय पडलं होतं? पण या महिन्यात विलिमाइना मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

मावशी गावची आरोग्यसेविका आहे, बावीस वर्षं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तिनं औषधांची यादी टंकून पाठवायची, तेव्हा पुढच्या होडीनं औषधं येतात. कागदावरची यादी आरोग्य खात्याची कचेरी आता घेत नाही. यादी गेली नाही तर महिनाभर अख्ख्या गावानं पपईची पानं चघळायची. आणि डॉक्टरांनी मावशीला बजावलंय, डोळ्यांत झगझगीत उजेड जाता कामा नये. सोमवारी ती त्या पडद्यासमोर बसली, दहा ओळी टंकल्या, आणि डोळ्यांतून अशा धारा, अशा धारा… मी नेमका सुट्टीला आलेला. म्हटलं, "मावशी, तू सांग, मी टंकतो."

मावशी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी चर्चमध्ये टोपी घालून आलोय. "तुला सांगू? कुणाला जंत झालेत, कुणाला साखर आहे, कुणाला कुठे खाज सुटते, ते तुला सांगू? तू माझा भाचा आहेस की चावडी?"

मामाच्या मुलाचा, आपाकुकीचा, काळा चष्मा मावशीला लावून पाहिला, अक्षरं दिसेनात. पडद्यावर पातळ फडकं टाकलं, फडक्यावरची फुलं तेवढी दिसली. म्हटलं, थांब मावशी. मी कशासाठी शिकलो? शुक्रवार दूर आहे. प्रकाश तर कमी करायचाय, फक्त प्रकाश!

सोमवारी दुपारी टेकाडावर चढलो, सभागृहातली जोडणी फक्त आरोग्य कचेरीपुरती, फोनला रेंज तिथेच येते, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. नम्रपणे! पहिलं उत्तर, "आधी लॉग जोड." लॉग म्हणजे मशीननं आपल्या पोटातलं लिहून ठेवलेलं बाड. जोडलं. दुसरा म्हणतो, "हा प्रश्न तेरा वर्षांपूर्वी विचारून झालाय, शोधायचे कष्ट घे." तिसरा, "पण प्रकाश कमी करायचाच कशाला?" चौथा, "तारेतून मॉनिटरला हुकूम देता येतो." दिला! मॉनिटर ढिम्म. तो इतका जुना की हुकूम त्याला कळतच नाही. पाचवा म्हणतो, "रंग काळवंडून टाक." टाकले! तर मागचा दिवा आहे तेवढाच लखलखीत आणि पुढे सगळं चिखलाच्या रंगाचं. मावशी म्हणाली, "आता डोळे दुखतात ते दुखतात, वर दिसतही नाही." बरं, तेही सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या बॅटरीनं मान टाकली की पुसलं जातं, आणि ती दिवसातून तीनदा मान टाकते. मग त्या फोरमवरचे लोक आपसांतच भांडायला लागले, पडदा हाताळायची जुनी पद्धत चांगली की नवी. चार पानं! मी कोण, मावशी कोण, कुणाला आठवण नाही. आणि सगळ्यांचा शेवट एकच, "मित्रा, मॉनिटरचं बटण दाब."

मंगळवारी दाबलं. हो, दाबलं! मागच्या भोकातून हात घातला, कोपरापर्यंत गेला आणि अडकला. मामीनं खोबरेल लावून बाहेर काढला. मग नारळाच्या झावळीचा हीर घेतला, लांब, लवचिक, आणि आपाकुकीला पुढे उभा केला, "दिसतंय का काही?"

"दिसतंय."

"काय?"

"पडद्यावर आकडा आलाय, ऐंशी!"

"दाबतो हं… आता?"

"नव्वद."

"अरे, कमी! कमी व्हायला पाहिजे!"

"मग दुसरं दाब."

दुसरं शोधता शोधता हीर तुटला, तोही पहिल्याच बटणावर. आकडा झाला शंभर! आणि तिथेच राहिला, कारण तुटलेला तुकडा बटणांच्या फटीत रुतून बसला. आपाकुकी डोळ्यांवर हात धरून म्हणतो, "वा रे पंडित! आता यावर मासे वाळवता येतील."

म्हणजे पेटी कापण्यावाचून गत्यंतर नाही. एक तळहाताएवढी खिडकी, बस. सोमवारी संध्याकाळी मी पेटीपाशी आलो होतो तेव्हा तिच्यावर मामाची पटाशी पडलेली दिसली होती. परजलेली, चकचकीत. मी काय केलं? विसरला असेल म्हणून मामाच्या घरी नेऊन दिली! मामानं माझ्याकडे पाहिलं, पटाशीकडे पाहिलं. मला वाटलं, दमलाय बिचारा.

बुधवारी मी रीतसर निघालो. समाजशास्त्रात शिकलोय ना, गावाची संमती, सर्वांचा सहभाग! यांगोनाच्या मुळांची जुडी घेतली, मुखियाकडे गेलो, मांडी घातली, जुडी पुढे ठेवली, खाली मान घालून विनंती केली. मुळं कुटली, कालवली, करवंटी आली. टाळी, घोट, टाळ्या. तीन तासांनी मुखिया वाइसाले म्हणतात, "पेटी मितिएलीच्या हातची. मी कोण बोलणारा?" दुसरी जुडी, मामाकडे. मांडी, मान, टाळी, घोट, टाळ्या. मामा जुडीकडे बघतच राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "तू… माझ्या दारात… जुडी घेऊन आलास?" म्हटलं, "रीत आहे ना मामा." मामा म्हणाला, "पेटीवर प्रार्थना झालीये. पाद्रीबाबांना विचार." तिसरी जुडी. पाद्रीबाबा यांगोनाला नाही म्हणत नाहीत, पण उत्तरही देत नाहीत. "वस्तू महिला मंडळाच्या ताब्यात आहे." मंडळाची चिटणीस कोण? मावशी! आणि मावशी म्हणते, "माझ्या डोळ्यांपायी भावाच्या कामाला करवत लावू? मुळीच नाही." बरं, तिनं स्वतः मामाशी बोलावं, तर भाऊ-बहीण आमच्याकडे एकमेकांशी थेट बोलत नाहीत, आदर म्हणून! मध्ये कोण? मी! बुधवार संपला, माझी जीभ बधिर झाली, पाय लाकडाचे झाले. प्रकाश कमी करायचा होता हो, फक्त प्रकाश!

गुरुवारी सकाळी आपाकुकी माझ्या शेजारी येऊन बसला. आमच्याकडे मामेभावाला आतेभावाची वाटेल तेवढी टर उडवायचा हक्क आहे, आणि हा तो व्याजासकट वसूल करतो.

"शहरी खेकड्या, काल किती जुड्या संपवल्यास?"

"तीन."

"तू या गावचा कोण?"

"भाचा."

"भाचा! वासु! गावाच्या लेकीचा मुलगा! वासुनं मामाची होडी ओढून न्यावी, डुक्कर पकडून न्यावं, कुणी हूं म्हणत नाही. उलट मामा छाती फुगवून सांगत फिरतो, बघा, आमचा भाचा आला आणि नासधूस करून गेला! आजवर तू काही नेलंस का रे? साधा फणस तरी? बाबा सोमवारपासून वाट बघत होते. पटाशी कुणासाठी ठेवली होती, उंदरांसाठी?"

मी ताडकन उठलो. "मग आता फोडतो!"

"आता? आता तू विचारलंस ना, दिवट्या! न विचारता घेतलं तर हक्क, विचारलं की अर्ज. अर्ज बैठकीत जातो. बैठक पुढच्या महिन्यात. बाबा काल जेवले नाहीत. म्हणाले, बहिणीचा मुलगा माझ्याकडे पाहुण्यासारखा आला."

तुम्हाला सांगतो, मी टेकाडावर जाऊन बसलो. फोरमवर खरं काय ते सगळं लिहून टाकलं, पेटी, वेसी, मामा. तासाभरानं कुणीतरी एका ओळीत उत्तर दिलं, "पेटी तुमचीच आहे, मग विचारलंस कशाला?" आणि प्रश्नावर शिक्का मारला, सुटला.

उघडा, आत बघा, बदला, कुणाची परवानगी नको… हे भाषण कुणी केलं होतं हो? कुणी?

शुक्रवारी सकाळी मावशी बसली. एक डोळा मिटून, दुसरा किलकिला करून, त्या शंभरच्या उजेडासमोर, तीन तास. मी दाराबाहेर, कारण यादी गुप्त. आतून नाक ओढल्याचे आवाज. यादी गेली. बाहेर आली तेव्हा डोळे पिकलेल्या मिरचीसारखे लाल. म्हणाली, "एक गुपित तुला सांगायला हरकत नाही, माझंच आहे. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या जास्त लिहिल्यात."

दुपारी माझी होडी. निरोप घ्यायला सभागृहात गेलो, तर काय? पेटीवर पटाशी! पुन्हा! नव्यानं धार लावलेली. मामा खिडकीपाशी पाठमोरा उभा, समुद्राकडे बघत, जणू त्यानं समुद्र कधी पाहिलाच नाही. मामी चटईच्या कडा मोजतेय. मावशी लाल डोळे मिटून भिंतीला टेकलेली. आपाकुकी मला भुवयांनी खुणावतोय, घे, घे, घे! माझ्या लक्षात आलं, हो, या वेळी आलं! मामानं मला माफ केलंय. अख्ख्या गावानं तिकडे तोंड फिरवलंय, माझ्यासाठी. फक्त हात पुढे करायचा, एक घाव घालायचा, मामाची छाती पुन्हा फुगणार, मावशीचे डोळे वाचणार. मी पुढे झालो. वाकलो. पटाशीच्या मुठीला बोटं लावली…

आणि तोंडातून काय निघालं?

"मामा… घेऊ का?"

मामा वळला. त्यानं पटाशी उचलली, फडक्यात गुंडाळली, पिशवीत ठेवली. म्हणाला, "बैठकीत बघू."