न चावणारा जोडा

—नाही नाही, नखाने नाही, हात काढा आधी! फोड फोडायचा नसतो, साहेब. वरची कातडी म्हणजे फुकटात मिळालेलं झाकण — आपण कशाला उघडायचं? साबणपाण्याने धुवायचं, हलकं टिपायचं, वर व्हॅसलीन, त्यावर सैल पट्टी, झालं. ठेवा पाय या स्टुलावर. लाजताय काय, तीस वर्षं लोकांचे पायच बघतोय, चेहरे लक्षात राहत नाहीत माझ्या. जोडा कुठला हा? माझा नाही ना? — नाहीच! माझा जोडा चावत नाही, बाहेर पाटीच आहे तशी. एक पोस्टमन माझे बूट घालून निघाला, तर पायांना इतकं सुख की थांबवेना — आपली पत्रं संपली, मग शेजारच्या गावाचीही वाटून आला. हसू नका, खरं आहे. निदान अर्धं.

काय वाजलं? वर ना? — काही नाही, मुलगी आहे. झोपलीय. परवापासून झोपूनच आहे. तर काय सांगत होतो — पट्टी. रोज बदलायची. आपोआप फुटला तरी कातडी ओढायची नाही, आणि आरी तर बापजन्मात — कोण म्हणालं आरी? मी? छे, आरी चामड्याला भोक पाडायला, ती माणसाच्या टाचेत कोण घालेल! ...बरं, घातली. मीच. नव्या नोकरीचा पहिला दिवस उभ्याने काढून लंगडत आली, म्हणाली, ‘‘बाबा, टाच टेकवत नाही’’ — म्हटलं, बस, दोन मिनिटांचं काम. पुसली होती हो आरी. एप्रनला.

तिच्या पायातला जोडा? माझाच. नोकरी लागली म्हणून हौसेने शिवला. माप नाही घेतलं — घरच्या माणसाचं कुठे माप घेतो आपण? तो बघा फळीवर तिचा लाकडी साचा, सोळाव्या वर्षाचा — त्यावरच बेतला. आता चोवीसची आहे. आणि तीही बया, ‘‘छान बसलाय, बाबा’’ म्हणाली, तोंडातून हूं की चूं नाही.

डॉक्टर? समोरच आहेत. त्यांच्या पायात माझेच बूट. वीस वर्षं त्यांना ऐकवतोय, माझा जोडा आजवर एकालाही चावला नाही — आता पोरीची टाच कुठल्या तोंडाने दाखवू? उद्या जाऊ, उद्या जाऊ... काल नुसती टाच लाल होती. सकाळी घोट्यापर्यंत. मघाशी पाणी द्यायला गेलो, तर अंग तव्यासारखं, आणि एक लाल रेघ वर पोटरीकडे — बारीकच आहे हो, दोऱ्याएवढी — असं काय बघताय? वाईट असतं का ते? बोला ना!

नका बोलू. उठा. व्हॅसलीनची डबी न्या, पट्टी घरी बांधा, आज दुकान बंद. आणि जाता जाता ती पाटी काढून खाली ठेवा — दाराची दोन्ही कवाडं मात्र उघडी राहू द्या, पोरीला उचलून समोर न्यायचीय. सोळाची असती तर एका कवाडातून काढली असती बाहेर. आता मावायची नाही.