तिकडं लढाई न्हाय

गौराबाई: नेस की मंग, नेस! रेशमी लुगडं पेटीत ठिवून त्याला काय पिल्लं व्हायची हायती?

शांतम्मा: सणाला नेसंन, अक्का. आज घरात कशाला?

गौराबाई: मंग सकाळी शेजारच्या धुरपताबाईला उलगडून काय दावत व्हतीस? "मलायाहून ह्यांनी धाडलंय." निम्म्या माकणी गावाला ऐकू गेलं.

शांतम्मा: तिनंच इचारलं. तुमाला आवडलं असंल तर तुमीच घ्या ते.

गौराबाई: मी कशाला घिऊ? माझा बी नवरा हाय. नेसंन तर त्यानं धाडलेलं नेसंन. पर त्यो धाडणार कुठनं? मिसरात वाळूबिगर काय मिळतंय?

शांतम्मा: गेल्या महिन्यात भावजींचं पत्र आलं व्हतं की.

गौराबाई: आलं. "दिवसभर लारी हाकतो, वरनं इमानं आली की लारीखाली निजतो." अन् तुझ्या नवऱ्याचं काय आलं? "इथं नारळ लई, पाऊस लई, समोर समुद्र दिसतो, काळजी नसावी." मास्तरांनी वाचलं तवा सगळी हसली. मी बी हसले. पर पोटात नुसती चूल पेटली व्हती.

शांतम्मा: त्यात ह्यांचा काय दोष? निजाम सरकारनं पलटण इंग्रजाच्या मदतीला धाडली, तिथं गेले.

गौराबाई: सरकारनं! धाराशिवच्या उर्दू साळंत मामंजींनी कुणाला घातलं? तुझ्या नवऱ्याला. बैलामागं कोण राह्यलं? माझा. म्हून तुझा निजामाच्या पलटणीत मुन्शी झाला, सावलीत बसून लिवतो. माझा सोलापूरच्या गिरणीत गेला, तिथनं इंग्रजानं उचलला अन् नेऊन आगीत टाकला. एकाच आईची दोन लेकरं, शांते.

शांतम्मा: भावजी आपल्या मनानं भरती झाले. मामंजी तर नको म्हणत व्हते.

गौराबाई: धाकट्याच्या टोपीवर बिल्ला दिसला, म्हून झाले! तुला काय वाटलं, जावाजावाच जळत्यात? भाऊ जळत न्हाईत?

शांतम्मा: तुमी असं बोलाया लागला की मला भ्याव वाटतं.

गौराबाई: तुला कसलं आलंय भ्याव? मी दचकून उठते तवा तू घोरत असतीस. तिकडं लढाई न्हाय ना! एकदा तिकडं बी लागू दे, मंग कळंल झोप कशाला म्हनत्यात.

शांतम्मा: शिवशिव! अक्का, काय हे बोलणं?

मास्तर: कडी वाजवली मी दोनदा. आत येऊ का, गौराबाई?

गौराबाई: अगं बाई, मार्तंड मास्तर! या, या. सोलापूरहून कधी आला? शांते, पाणी आण.

मास्तर: पाणी राहू द्या. शांतम्मा, तूही बैस. बाहेरून उडतउडत कानावर येण्याआधी मीच सांगावं म्हणून मोटारीतून उतरलो तो सरळ इकडंच आलो. तुझा बसवराज आहे ना, त्या मुलखात लढाई लागली. जपान मलायात उतरलाय.

शांतम्मा: जपान? ह्यो कोण मधीच? भांडण जर्मनीचं अन् इंग्रजाचं हाय ना? पोलंड का काय, त्यावरनं लागलं म्हून तुमीच सांगितलं व्हतं.

मास्तर: सांगितलं होतं. बांधाचं भांडण आहे, पुढच्या पेरणीपर्यंत मिटेल, असंही म्हणालो होतो. तिथं चुकलो. पोलंडसाठी इंग्रज आणि फ्रान्स उतरले. फ्रान्स पडू लागला, तशी इटलीला हाव सुटली आणि तिनं आफ्रिकेत उचल खाल्ली. म्हणून तुमचा शरणप्पा मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गौराबाई. यंदा जूनमध्ये जर्मनी रशियावर चालून गेला.

गौराबाई: ते झालं. पर जपानाचं काय वाकडं केलं व्हतं कुणी?

मास्तर: त्याची चीनशी लढाई आधीपासूनच चाललेली. ती निराळी, ही निराळी, असंच आपण धरून चाललो. फ्रान्स पडला तसा तो फ्रान्सच्या तिकडच्या मुलखात शिरला. अमेरिकेनं त्याचं तेल बंद केलं. तेल आहे मलायाच्या पलीकडं, रबर आहे मलायात, आणि मलायाचा धनी इंग्रज, तो इकडं गुंतलेला. साधली त्यानं वेळ. अमेरिकेच्या आरमारावर बॉम्ब टाकले आणि त्याच सुमाराला मलायाच्या किनाऱ्यावर फौज उतरवली. आता अमेरिकाही उतरली. दोन लढायांची एकच झाली, बाई. बाजूला उभं राहायला कुणाला जागा म्हणून उरली नाही.

शांतम्मा: किनाऱ्यावर? ह्यांना तर समोर समुद्र दिसतो.

मास्तर: ठाऊक आहे. ते पत्र मीच वाचलं होतं.

गौराबाई: मास्तर, कवा लागली ही लढाई?

मास्तर: सोमवारी.

गौराबाई: म्हंजी आज न्हाय लागली?

मास्तर: नाही, आज शुक्रवार. का हो?

गौराबाई: न्हाय, उगंच इचारलं.

शांतम्मा: अक्का, माझे हातपाय गार पडलेत.

गौराबाई: हिकडं सरक. ठिव डोकं मांडीवर. मास्तर, तुमी जावा आता. मी हाय हिच्यापाशी.

(पुढल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर.)

शांतम्मा: हसा की मोठ्यानं. पदर कशाला कोंबता तोंडात?

गौराबाई: कोण हसतंय?

शांतम्मा: तुमी. भावजी सुटीवर आल्यापसनं बघते. सकाळी न्हाणीपाशी दोघं बोलत व्हता, मी दिसले अन् गप झाला. नव्या बांगड्या भरल्या, त्या बी माझ्याम्होरं पदराखाली घेता. लपवू नका, अक्का. लपवता तवा जास्त लागतं.

गौराबाई: मंग काय तुझ्याम्होरं वाजवत हिंडू? सिंगापूर पडल्यापसनं बसवराजाची खबर न्हाय.

शांतम्मा: हजारो धरलेत, त्यात ह्ये बी असतील, असं मास्तर म्हनत्यात. असतीलच. पर भावजी अंगणात नुसते खाकरले तरी माझं काळीज जळतं. जिथं वरनं आग पडत व्हती तिथला घरी आला, अन् नारळाखाली बसलेला गेला. ह्यो कसा आला? त्यो का न्हाय? काल ताट वाढताना वाटलं, वाढूच नये ह्यांना.

गौराबाई: वाढलंस की पर.

शांतम्मा: वाढलं. तूप बी वाढलं. दोघांची मांडी घालायची ढब एकच हाय, अक्का. बघवत न्हाय मला.

गौराबाई: मंग ऐक. उद्या सुटी सरली. परत मिसरात न्हाय जायचं. त्यांची तुकडी आता ब्रह्मदेशाच्या हद्दीवर चाललीया, जपानाम्होरं.

शांतम्मा: कोण म्हनलं?

गौराबाई: तेच म्हनले. तुला सांगू नको म्हनले. तुला अजून घोर नको.

शांतम्मा: ...अक्का.

गौराबाई: काय?

शांतम्मा: ऐकलं अन् मला बरं वाटलं. घोटभर. मारा मला.

गौराबाई: मारू कशाला? त्या दिशी मास्तर सांगत व्हते, तवा मला बी वाटलं व्हतं. घोटभर न्हाय, चांगलं तांब्याभर. मंग तुझं डोकं मांडीवर आलं. बरफावानी गार.

शांतम्मा: मला कळलं व्हतं. "आज न्हाय लागली?" म्हून तुमी इचारलं, तवाच.

गौराबाई: मंग बोलली न्हाईस ती?

शांतम्मा: दुसरी मांडी कुठं व्हती मला?

गौराबाई: उगी. डोळं पूस. त्यांना कळाया नको.

शांतम्मा: ब्रह्मदेश अन् मलाया लागूनच हाय ना?

गौराबाई: मास्तरांच्या नकाशात लागून हाय. खरं किती लांब, कुणाला ठावं.

शांतम्मा: भावजींची गाठ पडंल का ह्यांच्याशी?

गौराबाई: येडी का खुळी तू? मधी सगळा जपान बसलाय.

शांतम्मा: तरी बी.

गौराबाई: ऊठ. त्यांना वाटंला दशम्या करायच्यात. दूध तापवलंय, तू पीठ चाळ.

शांतम्मा: किती करू?

गौराबाई: जास्तीच कर. तिकडं कोण भेटंल, सांगता येत न्हाय.