सुकलेलं गळू

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, वडील ग्रामपंचायतीत शिपाई, आणि मला त्यांनी डी.एड.पर्यंत शिकवलं. शिक्षिकेची जागा निघेल म्हणून चार वर्षं वाट पाहिली, ती निघाली नाही. मग लग्न होऊन चाकणला आले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसले. शिकवायला मुलं मिळाली नाहीत, पण चूक शोधायची सवय तिथं कामाला आली. संजय, म्हणजे माझे पती, दुसऱ्या कंपनीत मशिनवर होते.

आता काय सांगू तुम्हाला, नीट क्रमानं सांगते, नाहीतर माझंच मला उलगडत नाही. लोखंड कापताना मशिनवर पांढरट तेलपाणी पडतं, त्याला कूलंट म्हणतात. ते दिवसभर पँटीवर उडतं, कापड ओलं राहतं आणि मांडीवर गळवं येतात. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे मशिनच्या खात्यात, याचं कुणाला काही वाटतच नसे. उलट नव्या माणसाला पहिलं गळू आलं की म्हणायचे, आता तू पक्का ऑपरेटर झालास राव. चहाच्या सुट्टीत कुणीतरी सेफ्टी पिन लायटरवर धरायचं आणि ते फोडायचं, अशी रीतच होती. यांचं शॉपमधल्याच बंडूनं फोडलं. हे कळवळले तर म्हणाला, गप बस भावा, बाळंतपण नाही हे. घरी येऊन यांनी ते हसत सांगितलं. मी म्हटलं, अहो, पिकलं नव्हतं तर पिळलं कशाला, डॉक्टरांना दाखवा. तर म्हणाले, मास्तरीणबाई, तुमची तपासणी कंपनीत ठेवा.

भोवतीची लाली चार दिवस वाढली, मग ओसरली, आठवड्यात खपली धरली. आमच्या कामात सदोष भागाला लाल चिठ्ठी बांधतात, दुरुस्ती झाली की चिठ्ठी काढून तो चांगल्यांच्या ट्रेमध्ये जातो, आणि पुढं कुणी त्याची चौकशी करत नाही. मी त्या गळवाची चिठ्ठी मनातून तशीच काढून टाकली. माझी चूक झाली ती इथं.

दोन आठवड्यांनी यांना थंडी वाजून ताप आला, दात वाजण्याइतकी थंडी, आणि पाठ अशी धरली की कूस बदलता येईना. जवळच्या डॉक्टरांनी विचारलं, इतक्यात काही जखम, गळू, काही झालं होतं का. मी म्हणाले, नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. माझ्या लेखी ते संपलेलं होतं. ताप गोळीनं उतरायचा, परत चढायचा. दोन दिवसांत उतरला नाही तर या, असं त्यांनी बजावलं होतं, आणि आम्ही पाच दिवस काढले. पाचव्या दिवशी सुट्टी असून हे बूट घालून बसले, कंपनीची बस अजून कशी आली नाही म्हणून मलाच रागावू लागले. श्वास जिना चढून आल्यासारखा. तळपायावर लाल-जांभळे ठिपके. सासूबाई म्हणाल्या, अंगातली उष्णता बाहेर पडायलीय, खोबरेल चोळ. मी त्या ठिपक्यांवर तेल चोळत बसले, या हातांनी.

पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवला. रक्ताच्या तपासणीत स्टॅफ नावाचे जंतू निघाले. हे जंतू आपल्या कातडीवर, नाकात एरवी गुमान असतात, पण फोडलेल्या गळवातून रक्तात गेले की कुठंही बसतात. यांच्या हृदयाच्या झडपेवर आणि मणक्यात बसले होते. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दवाखान्यात नेल्यापासून नवव्या दिवशी हे गेले.

भेटायला आलेले सगळे म्हणाले, नशीब. बंडू तेराव्याला आला, खाली बघत म्हणाला, वहिनी, आमच्या सगळ्यांचीच फोडतात हो. ते खरं होतं, म्हणून त्याच्यावरचा राग कुठं ठेवावा ते मला अजून कळत नाही.

आता मी कंपनीच्या बसमध्ये बायकांना सांगते. गळू सुकलं तरी लक्षात ठेवा, लाली झपाट्यानं पसरली, थंडी वाजून ताप आला, धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर थेट दवाखाना, आणि तिथं गळवाचं आधी सांगा. काही जणी हसतात, आली बघा शाळा, म्हणतात. बसमधल्या मंगलनं मात्र ऐकलं, गळवानंतर नवऱ्याला थंडी वाजून ताप आला तसं त्याच दिवशी नेलं, आणि तो वाचला. पेढे घेऊन माझ्या दारात आली, ताई ताई करत पाया पडू लागली. आनंद झाला का विचाराल तर नाही झाला, तिच्या मागं तो उभा होता ना, सशक्त, चपला काढत. तोंडात पेढा कडू लागला. पण तिला उठवून म्हटलं, सुखी राहा गं दोघं. ते मात्र मनापासून म्हटलं.