मंडळीच्या यादीतलं नाव

(चर्चमागची सामानाची खोली. शनिवारची दुपार.)

शिवणबाई: हे वेदीचं मोठं वस्त्र, आणि ही प्रभुभोजनाची चार फडकी. धुऊन इस्त्री केलीय. एकावर द्राक्षरसाचा डाग राहिलाय, काही केल्या निघत नाही. आणि ही घ्या किल्ली.

पाळकीणबाई: किल्ली कशाला? पुढच्या महिन्यात परत तूच धुणार ना!

शिवणबाई: नाही. तुमच्या पाळकसाहेबांना सांगा, मंडळीच्या यादीतून माझं नाव काढा म्हणावं.

पाळकीणबाई: अगं, बावीस वर्षं झाली तुला इथे! लेकीचं मनाला लावून घेतलंस, हो ना? साहेबांनी सांगितलं ते तिच्या भल्यासाठीच. संसार मोडू नये, एवढंच वाटत होतं सगळ्यांना.

शिवणबाई: संसार नाही मोडला. हात मोडला. परत पाठवल्यावर नवऱ्यानं तोच हात पुन्हा मोडला.

पाळकीणबाई: हळू बोल गं.

शिवणबाई: आजवर हळूच बोलले. जावई पडला चर्चच्या सेक्रेटरींचा मुलगा, मग काय विचारता! क्षमा कर, प्रार्थना कर, नवऱ्याकडे जा. साहेबांनी सांगितलं आणि मी खुळी, स्वतः तिची बॅग उचलून तिला पोचवून आले.

पाळकीणबाई: माणसं चुकतात. म्हणून काय देवाचं घर सोडायचं?

शिवणबाई: देवाला कुठे सोडलंय? रोज भांडते त्याच्याशी.

पाळकीणबाई: मग इथे येऊन भांड. एकटी पडशील. उद्या आजारी पडलीस, तर कोण बघणार?

शिवणबाई: इथे भरल्या बाकांत एकटीच होते की. आठवतं ना, त्या रविवारी सगळ्यांनी उभं राहून तिच्यासाठी प्रार्थना केली? मीही केली, डोळे मिटून, अगदी रडून. घरी गेले तर शेजारीण म्हणते, तुमची लेक आली होती. बॅग घेऊन. तासभर पायरीवर बसली आणि कुलूप बघून गेली.

पाळकीणबाई: हे तू कधी बोलली नाहीस मला.

शिवणबाई: जीभ रेटली नाही.

पाळकीणबाई: आता कुठे असते?

शिवणबाई: सासरी नाही, एवढं कळलंय. फोन उचलत नाही. एकदाच उचलला. "तू प्रार्थना कर, आई," म्हणाली आणि ठेवून दिला.

पाळकीणबाई: मलाही कधीकधी वाटतं, सोडून जावं. पण घर मंडळीचं, घरातली कपाटंसुद्धा मंडळीची. जाऊ कुठे?

शिवणबाई: तेव्हा तुम्ही गप्प बसलात, बाई. तुम्हाला कळत होतं.

पाळकीणबाई: हो. कळत होतं.

शिवणबाई: मला नव्हतं कळत असं नाही. माझी तर पोटची पोर होती.

पाळकीणबाई: पण तू चर्च सोडलंस म्हणून ती परत येणार आहे का?

शिवणबाई: नाही यायची.

पाळकीणबाई: मग रविवारी दहा वाजता करशील काय घरी?

शिवणबाई: काही नाही. दार उघडं ठेवून बसेन.