चालू राहिलेलं खोकं

परवा हे गिटारच्या आवाजाचं खोकं एक रात्र चालू राहिलं म्हणालो होतो, ते बरोबर नाही दादा — दोन रात्री असतील. असं बघू नका माझ्याकडे. दोन रात्रींत आतले काचेचे व्हॉल्व्ह एवढे काळे पडत नाहीत म्हणता — असेल, तुमचा हात त्यातला, मी काय सांगणार? मी बेकरीच्या भट्टीवरचा माणूस. चाळीस वर्षं भट्टी सांभाळली, विस्तव निजवल्याशिवाय दाराला कधी हात लावला नाही, आणि या वयात एका बटणाला चुकलो. म्हणजे विसरलो असंही नाही — एक खाली केलं होतं. दोन आहेत ना त्याला? एकानं आवाज जातो, दुसऱ्यानं आतलं विझतं. मुलानं शिकवून ठेवलेलं, बाबा, आधी हे, मग ते. मला काही त्यावरचं लिहिलेलं वाचता येत नाही. आवाजाचं खाली केलं, खोकं गप्प झालं, मी दार ओढून घेतलं. समोरचा लाल दिवा तर केव्हाचाच गेलेला. गप्प बसलंय म्हणजे विझलंय, असंच वाटणार ना माणसाला?

नऊ दिवस. घ्या, आता खरं सांगितलं. नऊ दिवस ते बंद खोलीत तापत होतं आणि मी दवाखान्यात आमच्या हिच्या उशाशी. ही पडली हो, मांडीचं हाड मोडलं. परवा कपडे न्यायला घरी आलो तर खोलीत शिरताच भट्टीसारखी धग — खोक्याची मागची फळी हाताला सोसवेना. पण ते जाऊ द्या, दुरुस्त झालं का तेवढं सांगा. आज संध्याकाळी हिला घरी सोडतायत. ती उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत हे मुलाच्या खोलीत चालू पाहिजे. नाहीतर माझं काही खरं नाही.

मुलगा वाजवतो का? — वाजवायचा. आता लांब असतो, सहा वर्षं झाली. गिटार घेऊन गेला, हे धूड कुठं नेणार. फोन करतो ना, दर रविवारी करतो. ही फोन घेते, बरं बरं म्हणते, खाली ठेवते आणि मला सांगते, कोणी भले गृहस्थ होते, माझ्या तब्येतीची चौकशी करत होते. काय बोलायचं यावर? पोटच्या पोराचा आवाज ओळखत नाही. माझंही नाव कधी असतं, कधी नसतं. पण हे खोकं लावलं ना, की ओळखते. वाजवायलाही नको. नुसतं लावलं की घूं करतं ते — करायचं — एवढ्यावर ती शांत.

तुम्हाला नवल वाटेल, पण कारण आहे त्याला. माझी रात्रपाळी असायची. पहाटे यायचो, अंगाला आंबलेल्या पिठाचा वास, आणि दुपारी तीनपर्यंत झोपायचो. पोरगा बारापासूनच खोकं लावून बसायचा, तारांना हात लावायचा नाही, माझी झोप होईपर्यंत थांबायचा. नाहीतर मी भिंतीवर बुक्की मारायचो ना. नाही हो, त्याला कधी नाही मारलं, भिंतीलाच. तर तेव्हापासून हिच्या डोक्यात बसलंय — भिंतीपलीकडे घूं चालू आहे, म्हणजे पोरगा घरात आहे, हे झोपलेत, घरात भांडण नाही. दोन वर्षांपूर्वी हिचं बिघडायला लागलं. दुपार झाली की दारात जायची, रस्त्यावर जायची, पोरगा आला नाही म्हणून. एकदा तर चौकातल्या शिंप्यानं हाताला धरून आणून सोडली. मग एक दिवस मी सहज हे लावून पाहिलं. आली, खुर्चीत बसली, आणि मला म्हणाली, हळू बोला, तो आहे आत. तेव्हापासून रोज दुपारी लावतो. फसवतो म्हणा हवं तर. फसवतोच.

मुलाला माहीत नाही. त्याला सांगितलंय, खोकं देऊन टाकलं कोणा गरजूला. त्यानंच सांगितलं होतं तसं.

पडली कशी? — तेच तर. त्या दुपारी मी आत होतो. खोकं लावलेलं, दार लोटलेलं, मी त्याच्या खाटेवर टेकलो होतो जरा. ही दाराशी आली. आत नाही आली, पलीकडूनच बोलायला लागली — मला नाही, त्याला. अगदी पूर्वीसारखी, कुठं अडखळली नाही. म्हणाली, "हे उठायच्या आत नीघ. यांचं माझ्यावर सोड. पाया पडायलाही थांबू नकोस, थांबलास तर जाणार नाहीस."

सहा वर्षं, दादा. सहा वर्षं मी उगाळत होतो, पोरगा बापाला न सांगता गेला, चोरासारखा गेला. चारचौघांत बोललो. त्याच्या तोंडावर बोललो फोनवर, की आईला टाकून गेलास. आणि तो एका शब्दानं म्हणाला नाही की आईनंच पाठवलं. हीसुद्धा कधी बोलली नाही. दोघांनी मला — सांभाळलं म्हणायचं की काय म्हणायचं? आणि ही बाहेर थांबलेली, उत्तर पाहिजे होतं तिला. "ऐकतोयस ना रे?" म्हणाली. मी काय करणार? त्याचा आवाज काढला. येईल तसा काढला. म्हटलं, "नाही जात, आई."

नको होतं म्हणायला. हो म्हटलं असतं तर समाधानानं खुर्चीत जाऊन बसली असती. पण माझ्या तोंडून तेच आलं. मग ती घाबरली, दार ढकलायला लागली, नीघ नीघ म्हणायला लागली. मी घाईनं बटण खाली केलं आणि दार उघडलं. आत पोराच्या जागी मी. तिनं माझ्याकडे पाहिलं, एक पाऊल मागं टाकलं — मागं पायरी आहे हो, बोटभरच असेल — बस्स. बटणाचं तसं झालं. आता कळलं?

मी हे सगळं तुम्हाला कशाला सांगत बसलो. लावा, लावून दाखवा.

लावलंय? ऐकू येत नाही काही. नाही, कान ठीक आहेत माझे. व्हॉल्व्ह पेटलेत, हो, दिसतायत लाल झालेले. मग आवाज? — सुकलेले कंडेन्सर बदलले, म्हणून घूं गेली? ती खराबी होती म्हणता? दादा, तीच तर पाहिजे होती मला. जुने असतील ना ठेवलेले, तेच बसवा परत. का नाही? — आग लागेल. बरं. नाही नाही, तुमचं चुकलं नाही, तुम्ही काम चोखच केलंत. मलाच आधी सांगायला हवं होतं.

हे काय? तार का जोडताय, गिटार नाही माझ्याकडे. टोकाला बोट लावू? शॉक नाही ना बसणार?

— अरे. आली की. अशीच, अगदी अशीच.

बोट काढलं की जाते. लावलं की येते. माझ्या अंगातून येते म्हणता? असेल बाबा. म्हणजे मला आत धरून बसावं लागणार, बारापासून तीनपर्यंत. मी आत बसलो तर बाहेर हिच्याजवळ कोण बसणार? उठायला गेली तर? आणि पुन्हा दाराशी येऊन बोलली तर —

नाही, सोडत नाही. असू द्या थोडा वेळ. या वेळी काय म्हणायचं, ते जरा बघू द्या मला. तुम्ही तुमचं गिऱ्हाईक बघा, त्या बाई केव्हाच्या उभ्या आहेत.