बोडनार वेंडेल हयात असल्याबाबत

जबाब, दिनांक २८ मार्च १९५७

नाव बोडनार वेंडेल, वय १९ वर्षे, धंदा कारखान्याच्या खानावळीत उमेदवार आचारी, राहणार तिमार गल्ली, बुडापेस्ट. आईचे माहेरचे नाव चोंतोश रोझालिया.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगतो की, वर लिहिलेले नाव माझेच आहे. आज दुपारी थोडा वेळ मी ते नाकारले होते. त्याचा खुलासा पुढे केला आहे.

ऑक्टोबरातला उठाव रशियन फौजांनी मोडल्यावर नोव्हेंबरअखेर मी दलदल तुडवत ऑस्ट्रियात गेलो आणि निर्वासितांच्या छावणीत राहिलो. या महिन्यात तिथे रेडिओवर ऐकले की, ज्यांनी हत्यार उचलले नाही त्यांनी महिनाअखेरपर्यंत खुशाल परत यावे, केसालाही धक्का लागणार नाही. मी हत्यार उचलले नव्हते. शिवाय आईच्या हातच्या खसखस घातलेल्या शेवया खाव्याशा वाटत होत्या. हे ऐकून साहेब हसले, पण खरे कारण तेच आहे. आधी पोलिसांत नोंद करायची आणि मग घरी जायचे, असा नियम सांगितला होता. म्हणून मी घरी न जाता स्टेशनावरून सरळ इथे आलो.

लेफ्टनंट शिपोश साहेबांनी माझे नाव विचारले, कपाटातून एक गठ्ठा काढला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"अरे, तू तर मेलायस," ते म्हणाले. "लढाईत घाईनं चौकात पुरलेल्यांतून जानेवारीत उकरून काढलं तुला. बहिणीनं ओळखलं, रडली, दफनभूमीत नेऊन नीट पुरलं. आता कशाला उठून आलास?"

माझी बहीण एटेल्का हिने जे प्रेत ओळखले, त्याच्या अंगावर माझा कोट होता. तो कोट मी ऑक्टोबरात एका ट्राम कंडक्टरला दिला होता. उठावात तो गच्चीवर पहाऱ्याला बसे आणि मी त्याच इमारतीच्या तळघरात लढणाऱ्यांसाठी चुलीपाशी असे, त्यामुळे मला कोटाची गरज नव्हती. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. तो आता माझ्या नावाखाली पुरला आहे. त्याची आई त्याला कुठे शोधत असेल कोण जाणे. एटेल्काने असे का केले हे मला सांगता येणार नाही. डिसेंबरात माझ्यासाठी आमच्या घराची वरचेवर झडती होत असे आणि मी मेल्यावर ती थांबली, एवढे साहेबांनीच सांगितले.

त्यानंतर साहेबांनी मला आमच्या गल्लीतल्या मुलांचे जबाब वाचून दाखवले. रणगाड्यांवर पेटत्या बाटल्या कोणी फेकल्या, तर वेंडेलने. बंदुका कोणी वाटल्या, तर वेंडेलने. अंगणात सुरक्षा पोलिसांच्या माणसाला भिंतीशी उभे करून गोळी कोणी घातली, तर तीही वेंडेलने. शेवटचे हे केलेमेन लोरांटने सांगितले आहे. तो माझा शाळेपासूनचा दोस्त आहे.

"सगळ्यांनी तुझ्याच नावावर बिल फाडलंय," साहेब म्हणाले. "मेलेल्या माणसाचं काय जातं? आम्हीही प्रकरण बंद केलं होतं. आता तूच पायानं चालत आलास. बाकीचं सोड, या अंगणातल्या गोळीला फाशी आहे, ठाऊक आहे ना?"

मला राग आला आणि मग भीती वाटली. मी खरे ते सांगितले. मी तळघरात बटाटे सोलत होतो आणि घेवड्याचे सूप ढवळत होतो. रस्त्यावरचे म्हणावे असे एकच काम मी केले. खानावळीतल्या सुपाच्या बशा रस्त्यावर पालथ्या मांडून ठेवल्या. रशियन रणगाडे त्यांना सुरुंग समजून थांबले. दुसऱ्या दिवशी बशा नव्हत्या, म्हणून सगळ्यांनी पातेल्यातूनच खाल्ले आणि आचारीणबाईंनी मला शिव्या घातल्या.

अंगणातली गोळी मी घातली नाही. तळघराच्या खिडकीतून अंगणातल्या माणसांचे गुडघ्यापर्यंतचे पाय तेवढे दिसतात. तो माणूस "मला दोन मुली आहेत हो" असे सारखे म्हणत होता. मग त्याचे गुडघे खाली आले आणि मग तोंडही खिडकीपाशी आले. चुलीवर सूप उतू जात होते. मी ते उतरवले नाही.

"मारणाऱ्याचे बूट दिसले असतील की," साहेबांनी विचारले.

"दिसले."

"कोणाचे होते?"

"चिखलात सगळ्यांचे बूट सारखेच दिसतात, साहेब."

दुपारी एटेल्काला समोरासमोर आणले. लोरांट तिच्यासोबत आला होता, त्याला बाहेर बाकावर बसवले. दार उघडेच होते. तो पाय बाकाखाली ओढून बसला होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले, खाली पाहिले नाही.

साहेबांनी तिला विचारले, "हा तुझा भाऊ का?"

एटेल्का लहानपणापासून खोटे बोलली की कानापर्यंत लाल होते. आज झाली नाही. "नाही हो साहेब. माझा भाऊ दफनभूमीत आहे. ह्या माणसाला मी ओळखत नाही," असे ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. हे तिने माझ्यासाठी केले की बाकावरच्यासाठी, ते मला कळले नाही. तिला शेजारच्या खोलीत नेले.

"मग तू कोण रे?" साहेबांनी विचारले.

मेलेल्या वेंडेलवर खटला चालत नाही आणि परक्या माणसावर हा गुन्हा नाही, हे मला समजले. मी म्हणालो की, माझे डोके ठिकाणावर नाही, मी वेंडेल नाही, मी ट्राम कंडक्टर आहे. साहेबांनी नवा कागद घेतला. नाव विचारले, मी बनवून सांगितले. जन्मगाव विचारले, तेही बनवले. आईचे माहेरचे नाव विचारले.

शाळेत, दवाखान्यात, शिधापत्रिकेच्या खिडकीवर आम्हाला हे जन्मभर विचारतात आणि तोंड आपोआप उत्तर देते. मी चोंतोश रोझालिया असे सांगून मोकळा झालो.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "छान नाव आहे. बाईंना बोलावून घेऊ," ते म्हणाले.

मी जिवंत आहे हे एटेल्काने आईला सांगितलेच नव्हते. आईच्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ठाण्यात कशाला बोलावले आहे, हेही तिला कोणी सांगितले नाही. ती काळे कपडे घालून आली. दारातच थांबली. नंतर जवळ आली, बाहीत खोचलेला रुमाल काढला, त्याला थुंकी लावली आणि माझी हनुवटी पुसली.

"काय रे हे वेंडी, तोंड धुतलं नाहीस सकाळपासून?" ती म्हणाली.

"लिहा, ओळख पटली," साहेब कारकुनाला म्हणाले.

आई तिथेच बसून हसू आणि रडू लागली. "बरं झालं आलास! ईस्टर झाला की एटेल्काचं लग्न आहे, आपल्या लोरांटशीच. बाप नाही तिला, तूच उभा राहा तिच्या बाजूला. पण किती वाळलास रे!"

साहेबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि आईला ऐकू जाणार नाही असे म्हणाले, "बूट कोणाचे ते सांग आणि जा तिच्याबरोबर घरी. मीच दार उघडतो."

मी सांगितले की, बूट ओळखता आले नाहीत, असेच लिहा.

आईने साहेबांना विचारले की, मुलाला आता नेऊ का, शेवयांना पाणी ठेवायचे आहे. साहेब म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा बाई, पाणी ठेवा. मागोमाग पाठवतो त्याला." आईने त्यांच्या हाताचे चुंबन घेतले आणि ती घाईघाईने गेली.

मला आणखी काही सांगायचे नाही. लिहिलेले सगळे मला वाचून दाखवले, ते मी सांगितल्याबरहुकूम आहे. नाव बरोबर आहे. आईचे माहेरचे नावही बरोबर आहे.

(सही) बोडनार वेंडेल