गाळी म्हंजे वारं

नऊ कोंबड्या मी माझ्या हातानं मारलो, आणि त्याबी त्यांस्नी थंडी वाजू नये म्हणून, हे पहिलं लिवा. मारलो असंच लिवा हं. आमच्या बेळगावाकडं बाईमाणूसबी जातो, येतो, केलो असंच बोलतंय, ते शाळेतल्या मराठीत दुरुस्त करत बसू नका.

माझं माहेर चंदगडाकडचं, लगीन होऊन येळ्ळूरला आलो तवा वय एकोणीस आणि अक्कल नऊ वर्सांची. आईनं पाठवणीला डालग्यातनं अकरा कोंबड्या दिल्या हुत्या. घर सासूचं, भांडी सासूची, नवराबी निम्मा सासूचाच, तेवढ्या अकरा कोंबड्या काय त्या माझ्या. घरामागं परड्यात ईटांचा खुराडा हुता, त्यात त्या ठेवलो. त्या साली थंडी लई पडली, आणि कोंबड्या पिसं फुगवून बसलेल्या बघून मला रडूच यायचं. काय सांगू तुम्हाला, नवऱ्याला ताप आलता तवाबी एवढा रडलो न्हवतो.

मग एक दिवस दिवेलागणीला माझ्या डोक्यात उजेड पडला. खुराड्याची सगळी भोकं चिंध्यांनी बुजवलो, वरनं शेण सारवलो, घमेल्यात निखारं घालून आत ठेवलो, दार लावून त्यावर गोणपाट टाकलो, आणि लई मोठं काम केल्यागत कमरेवर हात ठेवून उभा ऱ्हायलो. शेजारची गंगव्वा मधल्या भितीवरनं बघत हुती. ती कानडी, मला कानडीचं अक्षर येत न्हवतं. ती हात हलवून वरडाय लागली, गाळी बिडवा, गाळी बिडवा. आता हिंदीत गाली म्हंजे शिवी, एवढं मला ठाऊक. मला वाटलं ही म्हणाय लागलीया, शिव्या देऊ नको. मी म्हटलो, मी कवा दिलो गं तुला शिवी? ती आणि जोरात, गाळी, गाळी! मग मात्र मी न दिलेली शिवी खरोखरच दिलो, एक सोडून चार दिलो, आणि पदर झटकून आत गेलो. असलं शहाणं हुतं बघा ते ध्यान.

सकाळी दार उघडलो तर नऊ गार. जखम न्हाय, काय न्हाय, तुरं लालबुंद, झोपल्यागत. दोनच जित्या, दाराच्या बुडात उंदरानं पाडलेल्या भोकाला चोची लावून बसलेल्या. माझ्यापेक्षा उंदीर बरा.

सासू परड्यात आली, बघितली, वरडली न्हाय. एवढंच म्हटली, ह्यापुढं एक पिल्लू जरी मेलं तरी खुराडा पाडून तिथं शेणी रचणार, आणि त्या दोन उचगावच्या माझ्या भनीकडं जाणार. मी मान हलवलो, पण मनात म्हटलो, बघूया.

मग तोंड लपवत गंगव्वाकडं गेलो. ती रागावली न्हाय. माझा हात धरली, तळवा तोंडाजवळ नेली आणि त्याच्यावर फुंकर मारली. गाळी, म्हटली. वारं! वारं सोड म्हणत हुती बाई, आणि मी तिच्या सात पिढ्या काढून आलतो. मग तीच दाखवली, कसं करायचं ते. खाली भाताचं कोरडं तूस वीतभर घालायचं, रोज हलवायचं, ओलं झालं की काढायचं. बसायला दांडी उंचावर. गोणपाट फक्त वाऱ्याच्या अंगाला. आणि वर, कोंबड्यांच्या डोक्याच्याबी वर, दोन ईटा काढायच्या, आतली वाफ जाऊ दे म्हणून. सांजंला पोटभर कणी. निखारं न्हाय म्हंजे न्हाय, त्यांची कोंडलेली हवा जीव घेती.

आताबी मी तसंच करतो. लेकानं स्लॅबचं घर बांधलंय, सून म्हणती आत्या, परड्यात ह्या घाणीपेक्षा फुलझाडं लावूया, अंडी दुकानात मिळत्यात. मी म्हणतो, लाव की गं, कोंबड्या खात्यात फुलझाडं. परवा नात मोबाईलवर दाखवली, थंडीत हवा खेळती ठेवा म्हणून कोण साहेब सांगत हुता. म्हटलो, त्याच्या किती मेल्या विचार.

तर त्या नऊ मेल्याच्या पुढच्या थंडीला उरलेल्या दोनातली एक खुडूक बसली आणि बारा पिल्लं काढली. मी लगेच वरच्या दोन ईटा काढलो. सासू म्हटली, एवढ्या थंडीत भित फोडलीस, येडी हायस का? मी म्हटलो, व्हय. नवरा आईचं ऐकून रोज सांजंला तिथं चिंधी कोंबायचा, मी रोज काढायचो. चार दिवस आमचं हेच. पाचव्या दिवशी चिंधीच चुलीत घातलो आणि खुराड्याला पाठ लावून बसलो. म्हटलो, आता मला बुजवा.

नवरा हसला आणि गेला. सासू न्हाय हसली. ती त्या थंडीत आपल्या खोलीची खिडकी लावून, आत शेगडी पेटवून झोपायची, आणि सकाळी डोकं धरून बाहेर यायची. सहाव्या दिवशी सकाळीबी तशीच आली, आणि माझ्या आधी जाऊन खुराड्याचं दार स्वतः उघडली. मी मागं उभा. कोंबडी पुढं आणि पिल्लं मागनं, चिवचिवत, एकेक उड्या टाकत बाहेर. सासू बोटांवर मोजली. पुन्ना मोजली. बाराच्या बारा. मग वर त्या भोकाकडं लई वेळ बघत ऱ्हायली, आणि माझ्याकडं न बघताच म्हटली,

कणी जरा जास्त टाक त्यांस्नी, आणि दुपारी माझ्या खोलीच्याबी दोन ईटा काढ.